योगा मॅट कुठली घ्यावी? (१० मिमीवाली घेऊन फसलेय)

जाईजुई_ठाणे
नमस्कार मंडळी. यावर आधी धागा निघाला असेल तर तिकडे हाकला, मला शोधून सापडला नाही.
तर झालं असं की सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सकाळी ६ चा योगावर्ग सुरू झाला, मी हौसेने नाव घातलं (वय ४३, डावा गुडघा कुरकुरणारा) आणि गुडघ्याला मऊ लागेल म्हणून ऑनलाईन सगळ्यात जाड दिसली ती १० मिमीची मॅट मागवली. निळी, गुबगुबीत, हात लावला की खड्डा पडतो. गादी म्हणून झकास आहे हो, पण योगासाठी शून्य! अधोमुख श्वानासनात हात पुढे पुढे जातात, मॅट ताणली जाते, वृक्षासनात तर मी विरार लोकलच्या दारात उभी असल्यासारखी डुलते. आमचे सर म्हणाले मॅडम ही मॅट झोपून करायच्या पोटाच्या व्यायामाची आहे, उभं राहायची नाही. आता हे विकणाऱ्याने आधी सांगायला काय झालं होतं, वरती तर योगा मॅटच छापलंय.
आता दुसरी घ्यायची आहे. बजेट दोन हजारापर्यंत, ताणून अडीच. फरशी व्हिट्रिफाईड, गुळगुळीत. तळहाताला घाम येतो. टीपीई, पीव्हीसी, रबर, कॉर्क वगैरे वाचून डोक्याचा भुगा झालाय. नवरा म्हणतो सतरंजी घे. त्याचं मत मागितलेलं नाही.

निवांत_पाटील
धाग्यावर लक्ष ठेवून आहे. माझीही हीच कथा, फक्त माझी जांभळी.

भाऊ_७१
जाईताई, यजमानांचं अगदीच उडवून लावू नका. मी १९७८ साली शिकलो तेव्हा मॅट हा शब्दसुद्धा कोणाला माहीत नव्हता. सतरंजी, वर धुतलेली चादर, झालं. आजही तेच करतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन कसं असावं ते सांगितलंय, चैलाजिनकुशोत्तरम्, म्हणजे खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र, फार उंच नाही नि फार सखल नाही. हे सगळं तिथं आहेच, टीपीई तेवढं नाही.

मी_मृणाल
काका, हलके घ्या, पण तो श्लोक ध्यानाला बसण्यासाठी आहे ना? बसायला सतरंजी उत्तमच, प्रश्न उभ्याच्या आसनांचा आहे. मी गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी टाकून सूर्यनमस्कार घालत होते, चौथ्या नमस्कारात सतरंजीसकट मागे गेले आणि हनुवटी आपटली. दोन टाके. आईकडे शहाबादी फरशी होती तिथे हीच सतरंजी इंचभर हलायची नाही. म्हणजे दोष सतरंजीचा नाही, आपल्या आरशासारख्या फरश्यांचा.

भाऊ_७१
मान्य. आमच्याकडे अजून शहाबादीच आहे, हे लिहायचं राहिलं. हनुवटी बरी आहे ना आता?

रबरवाला
छत्रपती संभाजीनगर. गाडीचे रबरी पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात २२ वर्षं काढली, म्हणून या धाग्यात नाक खुपसतो. बायको योगा करते, मी मॅटचा वास घेऊन मटेरियल सांगतो, एवढाच माझा योगाभ्यास.
जाईजुई, तुमची निळी गादी नक्की एनबीआरची असणार. एनबीआर म्हणजे नायट्राईल रबर, ज्याची आम्ही ऑईल सील करतो तेच, पण इथे त्यात हवा भरून भरून फेस केलेला असतो. लोक जाडी बघतात. जाडी बघून काही कळत नाही, त्या जाडीत माल किती आणि हवा किती ते बघायचं, आणि ते कोणी डब्यावर लिहीत नाही. पण वजन लिहितात! म्हणून माझा घरगुती नियम, याला आयएसआय मार्क नाही: मॅटचं वजन ग्रॅममध्ये घ्या, जाडीच्या मिमीने भागा. (नेहमीच्या साइझला, म्हणजे साधारण ६१ सेमी रुंद आणि १७३ ते १८३ सेमी लांब.) तुमची १० मिमीची ९०० ग्रॅमची असेल, उत्तर ९०. ही गादी. टीपीई (रबरासारखं लवचीक प्लास्टिक) ६ मिमी, ९०० ते १००० ग्रॅम, उत्तर १५० ते १६५ च्या आसपास. बरी पीव्हीसी २५० च्या पुढे जाते. आणि नैसर्गिक रबराची ४ मिमीची मॅट सव्वादोन-अडीच किलो भरते, उत्तर ६०० च्या घरात. जितका आकडा मोठा तितकी पायाखालची जमीन घट्ट, आणि तितकाच खांदा दुखतो ती वाहून नेताना. फुकट काही नाही.

जाईजुई_ठाणे
रबरवाला, आत्ता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर गुंडाळी उभी करून मोजली. ८७० ग्रॅम. साष्टांग!

निवांत_पाटील
माझी जांभळी ९१०. आपण एकाच आईच्या लेकी.

सदाशिव_पेठी
आम्ही अय्यंगार पद्धतीच्या वर्गाला जातो (पुणं, आणखी काय). आमच्या बाई पहिला महिनाभर मॅटचं नावच काढू देत नाहीत, उघड्या फरशीवर ताडासन, पाय कसे रोवले जातात ते कळावं म्हणून. मग पातळ चिकट मॅट, आणि गुडघ्याला घडी घातलेलं ब्लँकेट. मऊपणा जिथे हवा तिथेच द्यायचा, सगळ्या जमिनीला मऊ करायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. जाईजुई, तुमचा गुडघा आणि तुमचा तोल या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकाच मॅटने दोन्ही सोडवायला गेलात म्हणून फसलात. ४-५ मिमीची घट्ट मॅट घ्या आणि मार्जारासनात गुडघ्याखाली एक सोलापुरी चादर चौघडी करून. चादर घरात असेलच, नसेल तर तुम्ही मराठी आहात की नाही इथपासून शंका.

फिजिओ_केतकी
वरच्याला +१. आणि एक, जाड मऊ मॅटवर तळहाताची टाच आत रुतते, बोटं वर राहतात, म्हणजे मनगट आणखी मागे वाकतं. माझ्याकडे मनगट धरून येणाऱ्यांना मी पहिल्यांदा विचारते मॅट किती जाड आहे. लोकांना वाटतं मऊ म्हणजे सांध्याला चांगलं. गुडघा टेकवायला चांगलं, पण हातावर वजन घ्यायला नाही. अर्थात ज्यांना जमिनीवर बसूनच हलके व्यायाम करायचेत, वयस्कर मंडळी, कमरेची ऑपरेशनं झालेली, त्यांना ८-१० मिमी चालते, तेव्हा सरसकट नावं ठेवू नका निळीला.

हपापाचा_माल
इतकं काय त्यात. चारशे रुपयांची घ्या, फाटली की दुसरी घ्या. मॅट महाग घेतली म्हणून कोणी रोज योगा करत नाही, आमच्या शेजारणीची चार हजाराची मॅट पलंगाखाली समाधिस्थ आहे.

मी_मृणाल
हपापा, चारशेची बहुतेक ईव्हीए फोम असते, चपलेच्या तळव्यात असतो तसला. सहा महिन्यात टाचांचे खड्डे पडतात आणि मग कडांचे तुकडे घरभर. झाडू कोण मारणार? तीन वर्षांत तशा चार घेऊन झाल्या माझ्या, त्यापेक्षा एकच धड घेतली असती. पण शेजारणीबद्दल सहमत :)

कोकणस्थ_नव्हे_कोकणातला
२०१५ पासून दर २१ जूनला ऑफिसात योगदिन, आणि दर एक-दोन वर्षांनी पातळ मॅट फुकट. आमच्याकडे तीन जमल्यात. एक गाडीच्या डिकीत, एक पाहुण्यांच्या पोराला, आणि एक बायकोने कापून स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये अंथरली, चमचे घसरत नाहीत. आजवर मॅटचा इतका चांगला उपयोग पाहिला नाही.

सदाशिव_पेठी
हे मस्तच, कारण मॅट तिथूनच आली! अवांतर आहे पण सांगतोच. अँजेला फार्मर म्हणून योगशिक्षिका, अय्यंगारांकडे शिकलेल्या. एका ऑपरेशननंतर त्यांच्या तळहात-तळपायांना घाम येईना, म्हणजे कोरडे ठक्क, फरशीवर घसरायचे. जर्मनीत शिकवत असताना त्यांना गालिचा सरकू नये म्हणून खाली घालतात ते अस्तर मिळालं, त्याचा तुकडा कापून त्यावर आसनं सुरू केली, हात-पाय चिकटले. मग इंग्लंडात लोक मागायला लागले, आणि त्यांच्या वडिलांनी त्या जर्मन कारखान्याशी बोलणी करून ते विकायलाच घेतलं. तेव्हा तुमच्या सौंनी मॅटला तिच्या मूळ धर्मात परत नेलंय.

कोकणस्थ_नव्हे_कोकणातला
हा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आता उरलेल्या दोन्हीही जाणार.

परदेशी_पाखरू
न्यू जर्सीतून. आमचा प्रॉब्लेम उलटा, घरभर कार्पेट, त्यावर पातळ मॅट टाकली की सुरकुत्या पडून गोळा होते. कार्पेटवर जड रबरच बसतं, ते स्वतःच्या वजनाने पडून राहतं. दुसरं, घामाबद्दल कोणी बोललं नाही अजून. ज्यांच्या तळहाताला घाम येतो त्यांनी बंद पेशीची आणि उघड्या पेशीची (म्हणजे आतल्या फेसाचे बुडबुडे बंद की उघडे) हा फरक समजून घ्या. पीव्हीसी, टीपीई बहुतेक बंद पेशीची, घाम वरच राहतो, पुसायला सोपी पण ओली झाली की घसरगुंडी. उघड्या पेशीचं रबर किंवा वरती पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर असलेली मॅट घाम पिते, हात घट्ट बसतो, पण तोच घाम आत मुरतो आणि धुतली नाही तर वास. मी गरम खोलीतला योगा करते (हो हो, पैसे देऊन घाम काढते, आई पण हसते) तिथे मॅटवर सुती टॉवेल टाकतात, आधी थोडं पाणी शिंपडून. कोरडा सुती कपडा घसरतो, किंचित ओला झाला की धरतो. कॉर्कचंही तसंच, ओलं झालं की जास्त चांगलं. कोरड्या हाताच्या माणसाला कॉर्क आवडणार नाही.

जाईजुई_ठाणे
म्हणजे मला घाम येतो तर कॉर्क चांगलं? की पीयू? आता परत भुगा.

रबरवाला
पीयू घेण्याआधी एक प्रश्न. रात्री तळपायाला खोबरेल तेल लावता का?

जाईजुई_ठाणे
लावते की. तुम्हाला कसं कळलं?

रबरवाला
मराठी घर, चाळिशी, डोळ्यांना थंड. ओळखायला काय. पीयूवर तेलाचा डाग पडला की तो थर तिथे धरत नाही, आणि डाग जात नाही. नैसर्गिक रबराचं त्याहून वाईट, ते तेल पितं आणि फुगतं, मऊ पडतं. म्हणूनच तर ऑईल सील नैसर्गिक रबराची करत नाहीत, नायट्राईलची करतात. तेव्हा रबराची मॅट घेणाऱ्याने सकाळी साबणाने पाय धुवून मगच वर चढायचं. अंगाला तेल लावून आसनं करणारे असाल तर रबर विसरा.
रबराचे दुसरे दोन शत्रू म्हणजे ऊन आणि ओझोन. गच्चीत वाळत घालू नका. सायकलची जुनी ट्यूब तडकलेली बघितलीय ना, तसंच होतं. सावलीत, वाऱ्यावर. आणि ज्यांना लेटेक्सची ॲलर्जी आहे (फुगे फुगवताना ओठ सुजतात, हातमोज्यांनी खाज येते) त्यांनी नैसर्गिक रबराच्या वाट्याला जाऊच नये, टीपीई किंवा कापूस.

पणजीची_पोर
सावलीत वाऱ्यावर म्हणे. काका, गोव्यात जूनपासून ऑगस्टपर्यंत या. सावली आहे, वारा आहे, आणि मॅटवर बुरशी पण आहे. माझी कॉर्कची मॅट गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती, गणपतीत उघडली तर हिरवी! पावसाळ्यात गुंडाळायचीच नाही, दारावर किंवा खुर्चीच्या पाठीवर टांगून पंख्याखाली. आणि ज्यूटची तर किनारपट्टीवाल्यांनी घेऊच नका, दिसायला भारी, पण ओली झाली की पोत्याचा वास आणि तळहाताला टोचते ते वेगळं. मी आता वर्षातले चार महिने साधी सुती दरी वापरते, खाली पातळ चिकट मॅट, वर दरी. दरी मशीनला धुता येते. मैसूरकडचे अष्टांगवाले असंच करतात, त्यांच्या विणलेल्या सुती रग असतात, चिकट मॅटवर टाकायच्या.

भाऊ_७१
म्हणजे फिरून सतरंजीच ना? 🙂

पणजीची_पोर
हो काका, तुम्ही जिंकलात. पण खाली मॅट आहे.

लंबूटांग
सहा फूट दोन इंच. आमच्यासारख्यांचा विचार कोणी करतं का? १७३ सेमीच्या मॅटवर शवासन केलं की डोकं मॅटवर ठेवू की टाचा, असा तत्त्वज्ञानाचा प्रश्न. १८३ ची घेतली तरी पाच सेमी उघडं. घेण्याआधी दुकानात अंथरून आडवे पडा, लाजू नका. मी एका मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात बूट काढून शवासन केलं, सिक्युरिटीवाला बघून गेला, काही बोलला नाही. आणि आडवं पडल्यावर नुसतं पडू नका, उठून अधोमुख श्वानासनही करा, तिथेच कळतं हात सरकतो का.

नागपुरी_उन्ह
अरे बाप्पा, हे बरं आहे. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर पहाटे ५ ला पण फरशी गरम असते, पातळ मॅटमधून चटका लागत नाही पण काळी मॅट असेल तर सात वाजेपर्यंत तवा. रंग फिका घ्या. बाकी सगळं या धाग्यात आलंच आहे.

ईशान्य_भटका
फक्त माहितीसाठी. गुवाहाटीजवळ दीपोर बील म्हणून मोठं सरोवर आहे, रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). जलपर्णीने भरतं. तिथल्या मासेमार समाजातल्या सहा मुलींनी ती जलपर्णी वाळवून मागावर विणून योगा मॅट बनवली, मूरहेन मॅट नाव, तिकडे जांभळी पाणकोंबडी दिसते तिच्यावरून. २०२१ मध्ये बातम्यांत होतं. पूर्ण कुजणारी. आपल्याकडे पंचगंगा, पवना, मुळा-मुठा जलपर्णीने भरलेल्या असतात दरवर्षी, पालिका काढून फेकते फक्त.

सदाशिव_पेठी
मुळा-मुठेच्या पाण्यातली जलपर्णी घरात अंथरायची म्हणजे आधी प्राणायाम चांगला पाहिजे. पण कल्पना भारी आहे.

हपापाचा_माल
पर्यावरणपूरक वगैरे ठीक. टीपीईवाले पण स्वतःला पर्यावरणपूरक म्हणवतात, ते पण प्लास्टिकच ना शेवटी?

रबरवाला
हो, प्लास्टिकच. पीव्हीसीत मऊपणासाठी थॅलेट वगैरे घालायचे त्यावरून ओरड झाली, टीपीईत क्लोरीन नाही आणि ते वितळवून परत वापरता येतं, हे खरं. पण तुमच्या गल्लीतला भंगारवाला घेतो का ते विचारा आधी. टिकाऊपणात जाड घट्ट पीव्हीसी दहा वर्षं निघते, टीपीई रोज वापरली तर दोन वर्षांत ताणून फाटते. दहा वर्षं एक वापरणं बरं की पाच फेकणं, हे तुम्ही ठरवा.
धुण्याबद्दल: बादलीभर पाण्यात साबणाचे दोन थेंब, फडक्याने पुसा, कोरड्या फडक्याने टिपा. मशीनला मॅट घालू नका, माझ्या मेव्हण्याने घातली, ड्रम अडकला. आणि गुंडाळताना वरची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे अंथरल्यावर टोकं वर उचलत नाहीत.

जाईजुई_ठाणे
(तीन आठवड्यांनी) मंडळी, घेतली! लंबूटांगचं ऐकून दुकानात जाऊन अंथरून बघितली. पाच पाहिल्या. पीयूवर मन बसलं होतं, पण खोबरेल तेल सोडायला मी तयार नाही, आणि बजेटच्याही बाहेर होती. शेवटी दोन राहिल्या, एक टीपीई ६ मिमी आणि एक नैसर्गिक रबर ४ मिमी. लेबलवरचं वजन भागिले जाडी केलं, टीपीई १५५ आणि रबर ५८०, दुकानातला पोरगा म्हणाला मॅडम हे काय करताय, त्याला सगळं समजावलं, तो पण मग बाकीच्या मॅट मोजायला लागला. रबर घेतली, तेवीसशेला. सकाळी पाय साबणाने धुते. गुडघ्याखाली सोलापुरी चादर. वृक्षासन मोजून २० सेकंद, न डुलता. उजव्या पायावर. डाव्याचं बोलू नका.
वास मात्र भयंकर आहे हो, बेडरूममध्ये टायरचं दुकान उघडल्यासारखा. किती दिवस राहतो?

रबरवाला
आठ-पंधरा दिवस. खिडकीत मोकळी टांगून ठेवा. ऊन नको.

जाईजुई_ठाणे
इथेच गोची झाली. मी ऑफिसात असताना साबांनी (सासूबाईंनी) वास सहन न होऊन ती उचलून गच्चीत टाकली. भर उन्हात, तीन तास. वर विटा ठेवल्या उडू नये म्हणून.

रबरवाला
😐
तीन तासांनी काही होत नाही. रोज नको.

निवांत_पाटील
जाईजुई, ती निळी गादी काढणार असाल तर मी घेईन. माझी आई बसून व्यायाम करते, फिजिओ_केतकी म्हणाल्या तसं तिला चालेल. माझी जांभळी कुत्र्याने खाल्ली.

जाईजुई_ठाणे
दिली असती हो, पण साबा त्यावर बसून मेथी निवडतात आता. मालिका पण त्यावरच बसून. काल मी ती जरा सरकवली तर म्हणाल्या, तुझी काळी आहे ना तिकडे, माझ्या मॅटला हात लावू नकोस.